गोव्यातल्या चोडण बेटावरच्या कयाक सफरीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रविवार, ४ जानेवारी २०२६ रोजीची सफर भर ओहोटीत नेल्याबद्दल

महोदय,

रायबंदरच्या फेरीबोटीने चोडणला उतरून मी, माझे पती, ६६ वर्षांची आई आणि ११ वर्षांची मुलगी दुपारी चारला तुमच्याकडे हजर होतो. सूर्यास्ताची दोन तासांची सफर, माणशी १,८०० रुपये; पैसे पंधरा दिवस आधीच भरले होते.

पहिला अर्धा तास फार छान गेला. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या कडेने जाताना तिवरावर बसलेला खंड्या दिसला, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. मुलगी हरखली होती. मग तिवरांमधल्या अरुंद फाट्यात शिरलो आणि बघता बघता पाणी उतरलं. सव्वापाचला चारही कयाक रुतल्या.

आदल्याच दिवशी पौर्णिमा होती. उधाणात पाणी चढतं तसंच खोल उतरतं. माझं माहेर रत्नागिरीचं. तिथे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. गोव्याचा तासाभराचा फरक धरला तरी चारची फेरी उतरत्या पाण्यातच जाणार. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं. तरी तुमच्याकडे चारची वेळ रोज ठरलेली!

आठ जणांमागे वाटाड्या म्हणून तुमचा एकच मुलगा होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. मांडीभर चिखलात उतरून त्याने एकेक कयाक ओढली. आज पाणी नसणार हे त्याने सकाळीच कार्यालयात सांगितलं होतं. बुकिंग झालंय, घेऊन जा, असं उत्तर मिळालं. ओढताना तिवरांची कोवळी श्वसनमुळं कटाकट मोडत होती, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आई खाली उतरली आणि कालवाच्या शिंपल्याने तिचा तळवा चिरला. प्रथमोपचाराची पेटी नव्हती, ओढणी फाडून बांधली. मुलीच्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, नायलॉनच्या दोरीने गाठ मारलेली. जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, हे तुमच्याच माणसाने निघताना कौतुकाने सांगितलं होतं. अंधार पडल्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पोरीला तेवढंच आठवत होतं. मोबाइलच्या उजेडात आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा सव्वासात वाजले होते. कार्यालयाला कुलूप होतं.

आमचे ७,२०० रुपये आणि आईच्या टाक्यांचा खर्च परत करावा. पावत्या सोबत जोडल्या आहेत. पण पैसे मिळाले म्हणून मी गप्प बसणार नाही. बुकिंग घेताना त्या दिवशीच्या भरती-ओहोटीची वेळ ग्राहकाला दिसली पाहिजे आणि पाणी नसेल त्या दिवशी ती फेरी बंद ठेवली पाहिजे. चार जणांमागे एक वाटाड्या द्या, तुटकी जॅकेटं आजच काढून टाका. आणि पाण्याबाबत त्या मुलाचा शब्द शेवटचा माना.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. त्या मुलाने खरं सांगितलं म्हणून त्याच्या कामावर गदा आली, तर तेही तिथे मांडीन.

आपली,
४ जानेवारीच्या फेरीतील ग्राहक
सोबत : बुकिंगची पावती, दवाखान्याचं बिल, जॅकेटचे दोन फोटो