एअरबॅगची रेघ बुजवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी २६ वर्षं गाड्यांचं पेंटिंग करतो. पूर्वी सगळं काम पत्र्याचं असायचं. आता निम्मं काम गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकचं येतं. मोठ्या स्क्रीनसाठी डॅशबोर्ड कापायचा, दुसऱ्या गाडीचा कन्सोल आणून जोडायचा, दारात स्पीकरसाठी जागा करायची आणि सगळं एका रंगात आणायचं. दसरा-दिवाळीच्या आधी अशा कामांची रीघ लागते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय.

गेल्या आठवड्यात एक तरुण आला. स्क्रीनभोवतीचे सांधे बुजवायचे होतेच, पण शेजारच्या सीटसमोर एअरबॅगच्या झाकणाची जी रेघ दिसते, तीही त्याला नको होती. "सगळं सलग दिसलं पाहिजे," म्हणाला. मी नाही म्हटलं. "दुसरे करून देतात," असं म्हणून तो रागानं निघून गेला. दुकानात गर्दी होती, मला त्याला नीट समजावता आलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

सांधा दिसू न देणं हीच आमची विद्या आहे. त्यात सगळ्यात आधी प्लॅस्टिक ओळखावं लागतं. पॅनेलच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या जातीची बारीक अक्षरं असतात. एबीएस असेल तर काम सोपं. त्याचेच तुकडे ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवून लगदा करायचा, दोन्ही कडा तिरप्या घासून खाच पाडायची आणि तो भरायचा. मागून फायबरची जाळी द्यायची. पीपी असेल तर ॲसिटोनचा काहीच उपयोग नाही. ते पीपीच्याच कांडीनं गरम हवेवर वितळवून जोडावं लागतं आणि रंगाआधी त्यासाठीचं खास प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारावं लागतं, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. तुकडा पाण्यात टाकून तरंगला तर पीपी, असं काही पोरं मानतात. पण डॅशबोर्डच्या पीपीत बऱ्याचदा टाल्क, म्हणजे दगडाची भुकटी, मिसळलेलं असतं, ते बुडतं. म्हणून अक्षरंच वाचावीत.

घासायला घेण्याआधी पॅनेल धुऊन, ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटनं पुसायचं. लोक वर्षानुवर्षं डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश लावतात, त्यात सिलिकॉन असतं. न पुसता घासलं तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

मग पुट्टी. एकदम जाड थर द्यायचा नाही; पातळ थर, तो वाळला की दुसरा. पुट्टी कडक करणारं हार्डनर साधारण २ टक्के. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर पुढे रंगावर डाग उठतात. लाकडी ठोकळ्यावर आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. मधे काळ्या रंगाची हलकी फवारणी करून पुन्हा घासायचं. काळं जिथे राहील तिथे खड्डा आहे. ट्यूबलाइट आडवी धरून बघायचं. माझे वस्ताद पातळ फडकं हाताखाली घेऊन, डोळे मिटून तळवा फिरवायचे. मीही तसंच करतो. डोळ्याला न दिसलेला उंचवटा तळव्याला कळतो.

घाई केली की काय होतं ते मी सुरुवातीच्या दिवसांत भोगलंय. लगद्यातलं ॲसिटोन पुरतं उडण्याआधीच पुट्टी भरली. दिवाळीला गाडी आरशासारखी दिली आणि एप्रिलात सांध्याची रेघ फुगून वर आली. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६०-७० अंशांपर्यंत तापतो. प्लॅस्टिक वेगळं प्रसरण पावतं, पुट्टी वेगळी. कच्चा सांधा तिथेच उघडा पडतो. ते काम मी पदरमोड करून पुन्हा केलं. आता जोडाला तीन-चार दिवस हातच लावत नाही. दोन दिवसांत गाडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काम परत देतो.

मात्र एअरबॅगच्या झाकणाची रेघ मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. काही गाड्यांत ती वरून दिसतही नाही, मागून खाच पाडलेली असते. धडकेत डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवीला तिथून फाडून बाहेर यायचं असतं. तिथे पुट्टी किंवा फायबर भरलं तर झाकण उशिरा किंवा भलतीकडून उघडेल आणि वाळलेल्या पुट्टीच्या कपच्या माणसाच्या तोंडावर उडतील. स्टेअरिंगच्या मधल्या झाकणाचंही तसंच. चालकाची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे, शेजारच्या सीटचीही नंतर झाली. म्हणजे आज आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांत हा प्रश्न आहे. त्या झाकणावर मी पुट्टी नाही, रंगही मारत नाही.

गाडीमालकांना विनंती आहे, पॅनेल प्रायमरवर असताना एकदा दुकानात येऊन बघा. रंग चढल्यावर आत काय भरलंय ते कुणालाच कळत नाही. त्या तरुणाच्या वाचनात हे पत्र आलं, तर काम दुसरीकडे देण्याआधी त्यानं एकदा परत यावं. ती रेघ आहे तशी ठेवून बाकीचा डॅशबोर्ड मी त्याला हवा तसा सलग करून देईन.

आपला,
एक कार पेंटर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर