बॅडस्ली क्लिंटनच्या घराविषयी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

वॉरिकशायरमधले खंदकाने वेढलेले ते घर पाहून तू लिहिलेस की, इतक्या शांत ठिकाणी माणसांचा माग काढला गेला असेल हे खरे वाटत नाही. प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथच्या अमलातल्या १५८५ च्या कायद्याने कॅथलिक पाद्र्याने इंग्लंडमध्ये नुसते राहणे हा राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही देहान्त शिक्षा होती. तरीही व्हॉक्स या कॅथलिक घराण्यातील दोन बहिणींनी ते घर भाड्याने घेऊन पाद्र्यांना थारा दिला. ऑक्टोबर १५९१ मध्ये भल्या पहाटे झडतीची माणसे दारावर आदळली, तेव्हा आत जमलेले जेझुइट (‘येशूसंघ’ या कॅथलिक संघाचे) पाद्री सांडपाण्याच्या भुयारात उतरले आणि सुमारे चार तास पाण्यात पाय बुडवून निमूट उभे राहिले. कोणीही सापडले नाही. मात्र झडती घेणाऱ्यांचा मेहनताना घरच्यांनाच मोजावा लागला, आणि हा तपशील मला फार क्रूर वाटतो. पाद्र्यांना लपण्यासाठी अशा गुप्त जागा बांधणारा निकोलस ओवेन नावाचा सुतार १६०६ मध्ये वुस्टरशायरमधल्या हिंडलिपच्या घरात पकडला गेला आणि लंडनच्या टॉवरमध्ये छळाने मेला, पण त्याने एकही जागा सांगितली नाही.

तू मात्र ‘बिचारे कॅथलिक’ एवढेच लिहून थांबलीस, ते मला अपुरे वाटते. त्यापूर्वी कॅथलिक मेरी राणीच्या अमलात सुमारे २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले होते. आपल्याकडचे तर तुला ठाऊकच आहे: गोव्यातल्या साष्टीत कॅथलिक पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, म्हणून आपली शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे, आदिलशाहीतल्या कवळ्याला न्यावी लागली. त्याच काळात, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. मायदेशी ज्याला भुयारात लपावे लागले असते, तो इथे राज्यकर्त्यांच्या धर्माचा पाद्री होता, आणि त्यानेच पुढे ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. त्याच्या ओव्या मी आजही प्रेमाने वाचतो, पण केळशीचे पाडलेले देऊळ विसरून मला त्या वाचता येत नाहीत. म्हणून कोणत्याही घराची हकीकत ऐकताना, तिथे त्या वेळी राज्य कोणाचे होते, हे आधी विचारत जा.

जमल्यास वुस्टरशायरमधले हार्विंग्टनचे घरही पाहून ये. तिथे जिन्याच्या पायऱ्यांखाली अशी एक जागा आहे. सोबत येणाऱ्या तुझ्या कॅथलिक मैत्रिणीला केळशीची गोष्ट सांग, आणि तिच्या घरच्यांकडे ओवेनविषयी काही ऐकायला मिळाले तर मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा