रीबूटनंतर टिकलं पाहिजे

टिळकवाडी, बेळगाव
रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर दिलं नाही, याचं वाईट वाटतंय. घरी सगळे ठीक, आईचा गुडघा आहे तसाच.

आज आरएचसीएसएच्या, म्हणजे रेड हॅट लिनक्सच्या परीक्षेच्या, सरावाची मशीन रीबूट केली, दीड मिनिट पडदा थिजला आणि समोर इमर्जन्सी मोड. ते बघून पोटात गोळा येणारा दुसरा माणूस तूच, म्हणून लिहायलोय. कारण तेच, एफएसटॅब: बूट होताना कुठली डिस्क कुठं जोडायची त्याची यादी. यूयूआयडीत, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकात, एक अक्षर चुकलं की सिस्टमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं आणि बूट तिथंच सोडतं. रूटचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्ड देऊन आत शिरायचं, मुख्य फाइलसिस्टम रीड-ओन्ली असेल तर लिहिता येईल अशी रिमाउंट करायची, ती ओळ दुरुस्त करायची. खरं, ही वेळ येऊच नये. यूयूआयडी हातानं लिहू नये, ब्लकआयडी कमांडतनं थेट उचलावा. मग या तीन कमांडी: 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'माउंट -ए'. तिन्हींत एकही चूक दिसली नाही तरच रीबूट.

आरएचसीएसएला ३ तास, ३०० पैकी २१० गुण हवेत, आणि रीबूटनंतर जे टिकतं त्यालाच गुण. माझी सगळी काळजी इथंच अडकलीय, कारण आपल्या बोटांना जुनी वळणं आहेत. फायरवॉल-सीएमडीला '--परमनंट' दिलं नाही तर पोर्ट आत्ता उघडतो, रीबूटनंतर बंद. दिलं आणि 'रीलोड' विसरलं तर आत्ताच उघडत नाही. सर्व्हिसला नुसतं 'स्टार्ट' पुरत नाही, 'एनेबल --नाऊ' पाहिजे. आणि नेटवर्कच्या जुन्या आयएफसीएफजी फायली विसर. रेड हॅट ९ मध्ये नेटवर्क-स्क्रिप्ट्स उरल्याच नाहीत, सगळं एनएमसीएलआय कमांडनं. परीक्षेत इंटरनेट मिळत नाही, मॅन पानं (मशीनमधलीच कमांडींची माहिती) मिळतात: 'मॅन एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स' आजच उघडून बघ.

आता आपलं जुनं भांडण. एसईलिनक्स (कुठल्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा ते लेबलं बघून ठरवणारा पहारेकरी) आडवं आलं की 'सेटएन्फोर्स ०' मारून मोकळा व्हायचास, आठवतंय? तेही रीबूटला उडतं रे! अपाची वेब सर्व्हर ८२ पोर्टवर उठत नसेल तर 'सेमॅनेज पोर्ट -ए -टी एचटीटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी ८२', मग सर्व्हिस पुन्हा सुरू. फोल्डरला लेबल द्यायचं तर 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' आणि 'रिस्टोअरकॉन -आरव्ही'. थेट लेबल बदलणाऱ्या 'सीएचकॉन'वर विसंबू नकोस. रूटचा पासवर्ड तोडून बदलला की '/.ऑटोरीलेबल' ही रिकामी फाइल टच करून बनवावी लागते, म्हणजे बूटला सगळी लेबलं नव्यानं लागतात, नाहीतर पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फायलीचं लेबल चुकीचं राहून लॉगिनच होत नाही. आणि त्याच रीलेबलमध्ये सीएचकॉननं दिलेलं लेबल पुसलं जातं. म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याचे गुण खातं. हे मला आत्ता कुठं नीट उमगलं, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

एलव्हीएम (डिस्कची जागा लागेल तशी वाटणं) बरं जमतंय. 'एलव्हीएक्सटेंड'ला '-आर' दिलं की फाइलसिस्टमही सोबत वाढते. एक्सएफएस फाइलसिस्टम लहान करता येत नाही, तेव्हा आकडा दोनदा वाच.

वहिनींची निपाणीची बदली झाली काय? पोरगीच्या दहावीचं कळव.

एक काम कर. पुढच्या रविवारी खानापूरहून सकाळच्या गाडीनं ये. मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतो. तू तीन गोष्टी बिघडव आणि काय बिघडवलंस ते सांगू नकोस. स्वतः केलेला बिघाड शोधण्यात सराव होत नाही.

तुझा,
बाळ्या