आई, ते ग्रहणामुळे झालं नाही

पुणे, १२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधले काही सोडू नका.

रविवारी रात्री आईचे तीन फोन आले. चंद्रग्रहण आहे, खिडकीशी जाऊ नकोस, सुरी-विळीला हात लावू नकोस, सरळ पडून राहा. मी हो-हो म्हणत राहिले. तिसऱ्या फोनला आईचा आवाज भरून आला, तेव्हा कळलं की ती या ग्रहणाबद्दल बोलतच नव्हती.

आई, २४ ऑक्टोबर १९९५ची सकाळ तू मला कधी सांगितली नाहीस. मला ती मावशीकडून कळली. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, पंचवटीतल्या घरात दारं-खिडक्या लावून सगळे ग्रहण सुटायची वाट बघत होते. तुला पाचवा महिना. दादा भुकेने रडायला लागला म्हणून तू त्याला पेरू चिरून दिलास. मार्चमध्ये मी जन्मले ती पांढऱ्या केसांची, पांढऱ्या पापण्यांची. आजी म्हणाली, "ग्रहणात सुरी धरलीस, पोरीचा रंग गेला." आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. ते वाक्य तू अजून उराशी धरून बसली आहेस.

गेल्या महिन्यात माझी जनुकीय तपासणी केली, त्याचा रिपोर्ट आला आहे. माझ्या या पांढरेपणाला अल्बिनिझम म्हणतात. आपल्या अंगात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं आणि त्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. ते कसं बनवायचं हे सांगणारं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत चांगली असली तरी काम भागतं. तुम्हा दोघांकडे एकेक बिघडलेली होती, पण दुसरी चांगली होती म्हणून कुणाला पत्ताही लागला नाही. माझ्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. अशा जोडप्याच्या बाबतीत प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. दादा सुटला, मी सापडले. आणि आई, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. तो पेरू चिरायच्या चार महिने आधीच माझं सगळं ठरून गेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, आई-वडील नात्यातले का? कारण माझ्या दोन्ही प्रतींत अगदी तोच एक बदल आहे. मी सांगितलं, आई आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी, सासूला आत्याच म्हणायची. म्हणजे तो बदल बहुधा पणजोबांकडून नाहीतर पणजीकडून निघाला. एका वाटेने आजीतून बाबांकडे आला, दुसऱ्या वाटेने तुझ्या वडिलांतून तुझ्याकडे. आजीवर खापर फोडायला हे लिहीत नाही. तिलाही ते कळायचा मार्ग नव्हता. पण या सगळ्या वाटेवर तुझी सुरी कुठेच नाही.

दुसरीही एक गोष्ट तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. मी सहा वर्षांची असताना कुणीतरी सांगितलं की हे कोड आहे, आणि एका वैद्याने दिलेलं बावचीचं तेल लावून तू मला सकाळी गच्चीवर उन्हात बसवलंस. हातांवर टरारून फोड आले. तू रात्रभर माझ्या हातांवर फुंकर घालत होतीस. कोड वेगळं, आई. कोडात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशी मारते. केसांच्या मुळाशी काही उरल्या असतील तर उपचारांनी रंग परत येऊ शकतो. माझ्या त्या पेशी जागच्या जागी आहेत, त्यांना रंग बनवताच येत नाही. आणि बावचीने कातडी उन्हाला जास्तच हळवी होते. तुला हे सांगणारं तेव्हा कुणी भेटलं नाही. पुढे तूच मला पूर्ण बाह्यांचे गणवेश शिवून दिलेस, रुंद काठाची टोपी आणलीस. माझी कातडी आज धड आहे ती त्या बाह्यांमुळे.

बाबा, तुमच्यासाठीही थोडं. फोटो काढताना तुम्ही सारखं म्हणायचात, "मान सरळ ठेव." माझी बुबुळं हलत राहतात, मान एका बाजूला वळवली की ती जरा थांबतात आणि दिसतं. म्हणून मी मान वाकडी करत होते. चष्म्याचा नंबर कितीदा बदलला तरी फळा दिसेना, कारण दोष चष्म्याने भरून निघणारा नव्हता. पोटात डोळा घडतानाच रंगद्रव्य हवं असतं. ते नसलं तर पडद्याचा मधला भाग, ज्याने बारीक अक्षर वाचायचं, तो नीट तयार होत नाही, आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटणीही चुकते. मग कुठली गोष्ट किती खोल, किती लांब हे समजत नाही. रामकुंडाच्या काळ्या पायऱ्या मला एकच उतार दिसायच्या. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येक पायरीला तुम्ही माझा हात जरा खाली दाबायचात. पायरी आली हे मला त्या दाबावरून कळायचं.

आता बाळाचं. यांचीही तपासणी झाली, त्यांच्यात असा बदल सापडला नाही. बाळाला माझी एक बिघडलेली प्रत मिळणार हे नक्की, पण यांच्याकडची चांगली मिळेल, तेव्हा ते माझ्यासारखं असण्याची शक्यता फारच कमी आहे. आणि असलंच माझ्यासारखं, तरी पहिल्या दिवसापासून टोपी आणि डोळ्यांचे डॉक्टर तयार असतील. आईला रात्र रात्र रडायचं कारण नाही.

बाबा, एक काम तुम्हीच करायचं आहे. आत्याच्या मुलासाठी मामाच्या मुलीचं बघणं चाललंय असं दादा म्हणाला. दोघांकडेही हीच प्रत असू शकते. रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. सुपारी फुटण्याआधी दोन्ही घरी दाखवा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. दोघांनी रक्त तपासून घ्यावं आणि काय आहे ते माहीत असू द्यावं. आत्याला राग येईल, तुम्हाला सांगणं जड जाईल, तरी सांगा.

सातव्या महिन्यात मी नाशिकला येते आहे. आई, रविवारी रात्री यांनी मला गच्चीवर नेलं. मला चंद्र नुसता तांबूस डाग दिसला, बाकी सगळं यांनी वर्णन करून सांगितलं. खाली आल्यावर भूक लागली म्हणून मी पेरू चिरून खाल्ला. तुझ्यासारखाच, मीठ-तिखट लावून.

तुमची,
ताई