सालीच्या तेलाला सूट नको, नोंदणी हवी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

संत्री, मोसंबी, लिंबू यांचा रस काढल्यावर उरणाऱ्या सालींतले सुगंधी तेल तणनाशक आणि कीटकनाशक म्हणून विकले जाते, आणि ते नैसर्गिक असल्यामुळे त्याला नोंदणीतून सूट द्यावी, अशी मागणीही होत असते. अशी सूट देऊ नये. त्याऐवजी या तेलाची रीतसर नोंदणी लहान उत्पादकालाही परवडेल इतकी सोपी करावी, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तेल गुणकारी आहे, याबद्दल वाद नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग डी-लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो, लिंबाच्या तेलात तो सुमारे दोन तृतीयांश असतो, आणि हे द्रव्य मेण विरघळवते. पानावरचा मेणाचा थर गेला की आतला ओलावा टिकत नाही व कोवळे तण कडक उन्हात काही तासांतच करपते. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण अशा मऊ अंगाच्या किडींच्या कातडीवरही त्याचा असाच परिणाम होतो. थर्माकोलच्या तुकड्यावर या तेलाचे दोन थेंब टाकले तर पाहता पाहता तेथे खड्डा पडतो. फवारणी पंपातले रबरी वायसर फुगतात, तेही याच गुणामुळे.

मात्र हे स्पर्शजन्य औषध आहे, आंतरप्रवाही नव्हे. जेथे फवारा पोहोचला तेवढाच भाग जळतो, मुळे शाबूत राहतात, आणि त्यामुळे हरळी किंवा लव्हाळा पुन्हा फुटून वर येतो. पिकाच्या पानावर उडाले तर तेही करपते. शिवाय हिशेब जुळत नाही. पिकावरील किडींसाठी फवाऱ्यात तेलाचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्याही खाली असते, तर तणांसाठी ते दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर न्यावे लागते. हेक्टरी ५०० लिटर द्रावण धरले, तर दहा टक्क्यांनी ५० लिटर तेल एका फवारणीला लागेल. फळाच्या वजनाच्या अर्धा टक्का तेल सुटते असे सढळ हाताने धरले, तरी त्यासाठी आठ टनांहून अधिक फळांची साल हवी. म्हणून पायवाटा, कुंपणाच्या कडा, रोपवाटिकेतील मोकळ्या जागा येथे हे तणनाशक शोभते. शेतभर फवारण्याचे औषध म्हणून त्याचा प्रचार करणे शेतकऱ्याची दिशाभूल ठरेल. याची खरी जागा किडींच्या, त्यातही काचगृहातील किडींच्या नियंत्रणात आहे, असे माझे मत आहे.

सूट नको म्हणण्याचे मुख्य कारण सुरक्षिततेचे आहे. उघड्या बाटलीतले लिमोनीन हवेशी संयोग पावून जी द्रव्ये तयार करते, त्यांनी त्वचेला ॲलर्जी होते. म्हणजे जुनी बाटली ताज्या बाटलीपेक्षा अधिक त्रासदायक. तेलाची वाफ ५० अंश सेल्सिअसच्या आतच पेट घेऊ शकते. पाण्यातील जीवांना ते विषारी आहे, आणि ओला फवारा अंगावर पडला तर मित्रकीटकही मरतात. काही लिंबांच्या सालीचे दाबून काढलेले तेल त्वचेवर राहिले आणि ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येतात. साठवणीत फळ कुजू नये म्हणून त्यावर लावलेली इमाझालिलसारखी बुरशीनाशके तेलात विरघळणारी असल्याने ती सालीबरोबर थेट बाटलीत उतरतात, आणि ग्राहक मात्र ‘रसायनमुक्त’ हा शब्द वाचून ती विकत घेतो.

नोंदणीची वाट काही अनोळखी नाही. अमेरिकेत लिमोनीनची कीडनाशक म्हणून पहिली नोंदणी १९५८ सालची आहे; युरोपीय संघाने संत्र्याच्या तेलाला दिलेली मान्यता २०१४ मध्ये लागू झाली, तीही रीतसर मूल्यमापनानंतर.

खर्च हीच अडचण असेल, तर तो शासनाने उचलावा. डी-लिमोनीनच्या विषारीपणाच्या मूलभूत चाचण्यांची माहिती शासनाने एकदाच गोळा करून सर्वांसाठी खुली ठेवावी, आणि लहान उत्पादकाकडून फक्त त्याच्या मालाची परीक्षा मागावी: तेलाचे प्रमाण, वापरलेला इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारे द्रव्य) आणि बुरशीनाशकांचे अवशेष. लेबलवर तण व कीड यांच्या मात्रा वेगवेगळ्या छापणे, बाटली उघडल्यावर ती किती काळात संपवायची हे लिहिणे आणि हातमोजे व चष्मा यांची सूचना ठळक करणे सक्तीचे असावे.

जाता जाता आणखी एक. साली पाण्यात भिजवून ते पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हे तेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या पाण्यात लिमोनीन नावापुरतेच उतरते. आपल्या विस्तार विभागाच्या माहितीपत्रकांत असा सल्ला असल्यास तो काढून टाकण्याचे आदेश नोंदणीच्या निर्णयाची वाट न पाहताही देता येतील.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नागरिक