पिस्टन पुसू नका म्हणणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानावर पाटी नाही. तरी करवीर, पन्हाळा, शिरोळकडं ज्याच्या घरी गवत कापायचं मशीन किंवा पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आहे, त्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमचा पत्ता विचारावा लागत नाही. ही टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी) मशीनं रोज चालवणारे आणि गावात एकमेकांची दुरुस्त करून देणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. तुमच्याकडं येऊन चहा पिता पिता आभार मानता आले असते, पण ते चार लोकांसमोर मानावेत असं वाटलं. शिवाय तुम्ही शिकवलेलं ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही, त्यांच्याही ते हाती पडावं.

मशीन जाम झालं की नवा पिस्टन, नवी रिंग टाकायची, पैसे घ्यायचे आणि पुढचं गिऱ्हाईक बघायचं, हे तुम्हाला सोपं होतं. तुम्ही तसं केलं नाहीत. दर वेळी जुना पिस्टन तळहातावर ठेवलात आणि विचारलंत, "हा का गेला, सांगा बघू." त्याचं उत्तर सापडल्याशिवाय नवा पिस्टन बसवायचा नाही, हा तुमचा नियम. कारण तसाच राहिला तर नवा पिस्टनही दहा तासांत त्याच वाटेनं जातो.

पिस्टन वाचायला तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार सगळ्यात आधी. सायलेन्सरच्या बाजूलाच उभे खोल ओरखडे आणि बाकी अंग स्वच्छ असेल, तर तेल कमी पडलंय किंवा हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय. ती बाजू सगळ्यात गरम, म्हणून तेलाचा थर आधी तिथंच तुटतो. कार्बोरेटरच्या बाजूला करडा, मळकट रंग, बारीक उभ्या रेघा आणि खालचा घेर झिजून पातळ झालेला असेल, तर धूळ आत गेलीय; फिल्टर फाटलाय किंवा नीट बसलेला नाही. चारी अंगांना सारखे चट्टे म्हणजे पिस्टन गरम होऊन फुगला. अशा वेळी आधी सिलिंडरच्या पंख्या (त्याला थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्या) बघायच्या. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचटाचा भुसा त्यांच्यात गच्च बसतो आणि वरचं प्लास्टिकचं झाकण काढल्याशिवाय तो दिसत नाही. माथ्याची कड कुरतडल्यासारखी दिसली तर पेट्रोल कमी पडून आत ठोके बसलेत. आणि हे सगळं वाचायचं तर पिस्टन चिंधीनं पुसायचा नाही, जसा निघाला तसा आणायचा. ही तुमची ताकीद आता गावोगावी पोचलीय.

सिलिंडरचंही तसंच. ओरखडा बोटाच्या नखाला अडकला की तो सिलिंडर संपला. नखाला लागत नसेल तर बहुतेक वेळा ते पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं असतं आणि बारीक पॉलिश पेपरनं सावकाश निघतं. लोखंडी स्लीव्ह (आतली नळी) असेल तर बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, मोठा पिस्टन बसतो. आतून क्रोम चढवलेला सिलिंडर मात्र बोअर करायचा नाही. ऑईल इंजिनं घडवणाऱ्या या गावात बोअरिंगचं मशीन हाकेवर असतानाही तुम्ही गिऱ्हाइकाला "नको" म्हणता, याची आम्हाला किंमत आहे.

बसवतानाच्या गोष्टी थोडक्यात. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडं. रिंगेच्या खोबणीत एक बारीक पिन असते, रिंगेची तोंडं तिच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर घालतानाच रिंग मोडते. नुसती रिंग सिलिंडरमध्ये दोन सेंटिमीटर आत सरळ ढकलून तोंडातली फट मोजायची: 0.2 ते 0.3 मिलिमीटर चांगली, 0.6 च्या पुढं गेली की रिंग बदलायची. गजन पिनची (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनची) क्लिप एकदा काढली की टाकून द्यायची. नवी क्लिप तोंड वर किंवा खाली ठेवून बसवायची, आडवी नाही. जुळणी झाल्यावर थंड इंजिनावर थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टरची दोरी पाच-सहा वेळा ओढायची. प्लगच्या भोकात लावलेल्या दाबाच्या गेजवर 100 पीएसआयच्या पुढं आलं तर ठीक, 90 च्या खाली असेल तर परत उघडायचं.

तेलाबद्दल तुम्ही जितक्या वेळा बोललात तितकं कशाबद्दलच बोलला नाहीत. झाकणानं अंदाजे ओतायची सवय तुम्हीच मोडलीत. जनावरांना टोचायची 50 मिलीची सिरिंज पाच लिटरच्या कॅनला सुतळीनं बांधून ठेवायची युक्ती तुमचीच. साध्या टू-टी ऑईलला (टू-स्ट्रोकच्या तेलाला) 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली, पाच लिटरला चार सिरिंज. डब्यावर जासो एफडी (तेलाच्या दर्जाची जपानी खूण) छापलेलं असेल आणि मशीनच्या पुस्तकात 50 ला 1 लिहिलेलं असेल तरच लिटरला 20 मिली, पाच लिटरला दोन सिरिंज. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग तेल, मग हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. टाकीत वेगवेगळं ओतायचं नाही. मोटारसायकलच्या इंजिनात घालतो ते तेल तर बिलकूल नाही, ते स्वच्छ जळत नाही आणि राख मागं ठेवतं.

"थोडं जास्त घातलं तर मशीनला बरंच" ही समजूत अजून कितीतरी घरांत आहे. तुम्ही ती एका वाक्यात खोडली होतीत: तेल जास्त घातलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं. जास्तीच्या तेलाची काजळी सायलेन्सरच्या भोकात आणि रिंगेच्या खोबणीत साठते, रिंग चिकटते, ताकद जाते. म्हणून सायलेन्सर काढून ते भोक लाकडी काडीनं खरवडायचं. त्या वेळी पिस्टन वर आणून भोक त्यानं झाकलेलं ठेवायचं, म्हणजे काजळी आत पडत नाही. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी तांब्याच्या ब्रशनं घासायची. मशीन सुरू होतं पण रेस घेत नाही, अशा तक्रारीत कितीदा ती जाळीच बुजलेली असते.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून येतं, त्याचा अभिमान आहेच. पण इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर ठेवला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळातलंच ओढतो. त्या थरात तेल नसतं. म्हणून तुमचा नियम: पंधरवड्यात संपेल एवढंच कालवायचं आणि कॅन घट्ट बंद ठेवायचा. दुसरी गोष्ट, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच सेटिंगवर मशीन पहिल्यापेक्षा कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. ज्या कार्बोरेटरला एल (कमी रेसचा) आणि एच (पूर्ण रेसचा) असे दोन स्क्रू आहेत, तिथं दोन्ही हलक्या हातानं टेकेपर्यंत बंद करायचे आणि सव्वा ते दीड फेरी उघडून सुरुवात करायची. आवळायचे नाहीत, नाहीतर सुईची जागा खराब होते. मग गवतात, वजनाखाली, पूर्ण रेसवर एच लावायचा: आवाज भरड, अडखळता होईपर्यंत उघडायचा आणि साफ होईल एवढाच परत बंद करायचा. रिकाम्या मशीनवर सगळ्यात उंच आवाज शोधत बसलं की पिस्टन गेलाच म्हणून समजायचं.

कार्बोरेटरच्या डायफ्रामची (आतल्या पातळ पडद्याची) परीक्षा तुम्ही बोटावर करून दाखवलीत. चांगला डायफ्राम मऊ असतो, वाकवला की आवाज करत नाही. खराब झालेला पापडासारखा कडकडतो. किट बसवताना क्रम चुकला तर पेट्रोल एकतर येतच नाही नाहीतर वाहत राहतं. सुईच्या बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम, मग झाकण. पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम, त्यावर गॅस्केट, मग झाकण. हे वाक्य आमच्यातल्या कित्येकांनी टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून ठेवलंय.

चोरून शिरणारी हवा हा सगळ्यात फसवा दोष, आणि तो ओळखायला शिकवलंत म्हणून किती इंजिनं वाचली त्याचा हिशेब नाही. थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली यायला वेळ लागतो, आयडलिंग आपोआप चढतं, चोक काढला की मशीन बंद पडतं. अशा वेळी स्क्रू फिरवत बसायचं नाही. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या जोडावर ग्रीस चोळायचं, आवाज बदलला तर गॅस्केट गेलंय. नाही बदलला तर क्रँकचे ऑईल सील. भोकं रबरी पट्टीनं बंद करून 7 पीएसआय हवा भरायची, अर्धा मिनिट टिकली पाहिजे. हे न बघता पिस्टन बदलून घेतलेली मशीनं तुमच्याकडं दुसऱ्यांदा येतात आणि तुम्ही आधीच्या कारागिराला एका शब्दानं नावं ठेवत नाही, हेही आम्ही बघितलंय.

बाकी रोजचं: प्लगची फट 0.6 ते 0.7 मिलिमीटर, रंग चहासारखा. मॅग्नेट आणि कॉइलमध्ये 0.3, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, टू-टीचे चार थेंब चोळून पिळायचा. उन्हाळ्यात रोज, एरवी आठ-दहा तासांनी. मशीन दहा मिनिटं चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की चालतं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ब्लेडकडच्या गियर हेडमध्ये दर 20-25 तासांनी ग्रीस. ब्लेडच्या नटाला उलटा आटा असतो. आणि नट सोडवताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी सोडायची, स्क्रू ड्रायव्हर नाही.

आता महापुराचं. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा पंप आणि कटर गोठ्यात, शेडमध्ये बुडाले. पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा प्रत्येकाचा हात दोरीकडंच जातो. "दोरी ओढू नका," हा तुमचा निरोप ज्यांच्यापर्यंत वेळेत गेला त्यांची इंजिनं आजही चालतात. सिलिंडरमध्ये पाणी असताना दोरी ओढली तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय गाळ बेअरिंगमध्ये दळला जातो. आधी प्लग, सायलेन्सर, कार्बोरेटर काढायचं. प्लगचं भोक खाली करून दोरी अगदी सावकाश फिरवायची. मग कार्बोरेटरच्या भोकातून तेल मिसळलेलं पेट्रोल 50 मिली ओतायचं, हलवायचं, काढायचं, आणि बाहेर येणारं पेट्रोल स्वच्छ होईपर्यंत परत परत करायचं. चौथ्या-पाचव्या वेळेलाही बोटाला कचकच लागली तर क्रँक उघडायलाच हवा. कॉइल गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायची, चुलीजवळ नाही. मॅग्नेटवरचा गंज पॉलिश पेपरनं काढायचा. टाकीतलं सगळं फेकायचं. त्या दिवशी इंजिन उघडणं जमणार नसेल तर पाणी काढून आत टू-टी ऑईल ओतून ठेवायचं, कारण बेअरिंगला खरा गंज धरतो तो पाणी गेल्यावर, हवा लागल्यावर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांचा इशारा लागला की आता नदीकाठची पोरं जनावरं हलवतानाच मशीनंही माळ्यावर चढवतात. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाहीत.

हंगाम संपल्यावर मशीन ठेवायचं कसं, हे शेवटचं. टाकी रिकामी करायची, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑईल आत, दोन-तीनदा सावकाश दोरी, प्लग परत, आणि दोरी जड लागेल तिथं थांबवायची, म्हणजे पिस्टन वर येऊन भोकं झाकतो. बर्फाच्या मुलखात बर्फावरच्या टू-स्ट्रोक गाड्या उन्हाळाभर पडून असतात, तिथंही आत तेलाचा फवारा मारून ठेवतात. कारण एकच, पडून राहिलेलं इंजिन आतून गंजतं.

हे सगळं तुम्ही दुकान चालू ठेवून, हातातलं काम थांबवून, फुकट सांगितलंत. मनापासून आभार.

पुढच्या सोमवारी दोन कटर घेऊन येतोय. एकाचा सायलेन्सरकडचा ओरखडा ओळखता आला, दुसऱ्याचा येत नाही. पिस्टन दोन्ही काढून कागदात गुंडाळलेत. पुसलेले नाहीत.

तुमचे,
नदीकाठचे आणि माळावरचे मशीनवाले