दार बंद झाल्यावरच पगार सुरू?

संपादक महोदय,

आमची भाची एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. परवा सुटीवर इंदूरला आली. वरण-भातावर तूप वाढतोय तोच तिचा फोन वाजला: रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) बदललं, रात्रीच्या विमानानं मुंबई गाठ. उष्ट्या हातानंच तिनं अंबाड्याच्या पिना शोधायला घेतल्या. तक्रार कर म्हटलं, तर युनियनचं नाव काढायचीही तिला धास्ती.

वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती जुलै 2025 पासून 36 वरून 48 तास झाली. त्यासाठी त्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. केबिन क्रूची नियमावली वेगळी, जागरण मात्र तेच.

ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे 10,000 केबिन क्रूनी संप केला. विमानाचं दार बंद होण्याआधी, प्रवासी चढताना, सामान लावून देताना केलेल्या कामाचे पैसे का नाहीत, हा त्यांचा सवाल. कॅनडा सरकारनं कामावर परतायला सांगितलं, तेही त्यांनी मानलं नाही. शेवटी कंपनी बोलणी करायला बसली. (आपल्याकडे एवढी हिंमत करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.)

रोस्टर किती तास आधीपर्यंत बदलता येईल, ऐनवेळी बदललं तर भरपाई काय, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं केबिन क्रूसाठी लेखी ठरवून द्यावं.

— एक वाचक, रामबाग, इंदूर